बुढीने कॅनडाला सांगितलं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लसूण लावला. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. सातपुडा सकाळपासून धुक्यात बुडालेला होता. मी थापीच्या दांड्याने मातीत भोकं पाडत होतो आणि बुढी उभ्याउभ्या एकेक पाकळी खोचत होती. हौस म्हणून मीही एक पाकळी खोचली, तर तिने ती उपटून काढली.

"चाळीस वर्षं भिंती उभ्या केल्या, अन् लसणाचं डोकं कोणतं, बूड कोणतं, ते समजत नाही तुमाले."

"शिकव ना मंग. साऱ्या जगाले शिकवतं."

"जग ऐकते जी. तुमी कुठं ऐकता?"

दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी थापता थापता ती चुलीजवळ कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं झालं होतं. लोक म्हणाले, चांगलं मरण आलं, कोणाला त्रास नाही दिला. मीही मान हलवली. तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

बुढी म्हणजे माझी बायको. नाव होतं तिला, पण मी ते कधी तोंडाने घेतलं नाही. मी गवंडी. चौथीपर्यंत शाळा. जळगाव जामोदच्या आसपासच्या खेड्यांत माझ्या हातची बरीच घरं आहेत. तिच्या हातचं जे होतं ते घरामागच्या परसात. वांगी, मेथी, वालाचा वेल, आणि दिवाळीच्या वेळेस पिवळी शेवंती.

आमची सुनंदा नागपूरला असते. तीन वर्षांपूर्वी तिने आपला जुना फोन आईला दिला आणि बागवाल्यांच्या एका ग्रुपात तिला घालून दिलं. सगळी मराठी बोलणारी, पण जगभर पांगलेली. एक कॅनडात, एक इंग्लंडात, एक न्यूझीलंडला, अशी कितीतरी. तिथं नुसतं झाडांचं आणि हवापाण्याचं बोलायचं. बुढीला लिहिता येत नव्हतं. ती फोनवरचं बटण दाबून बोलायची आणि तिचा आवाज तिकडे जायचा. त्या बायकांना तिची बोली फार आवडली. सगळ्या तिला मावशी म्हणू लागल्या.

त्या दिवसापासून माझा चहा मागे पडला. उठली की आधी अनवाणी परसात जायची, दवात दोन मिनिटं उभी राहायची आणि मग फोनमध्ये सांगायची, "आज थंडी चवड्याइतकी हाये बाई. अजून टाचेले नाही लागली." मी म्हणायचो, अगं, फोनमध्ये आकडा दिसतो. ती म्हणायची, "फोनले पाय हायेत का?"

तिकडच्या बायका आकडे सांगायच्या. कॅनडावाली म्हणाली, मावशी, आज उणे चार. बुढी म्हणाली, "उणे-दुणे मले समजत नाही. भाईरच्या पाण्यात हात घाल, अन् कितीपर्यंत मोजता येते ते सांग." त्या बाईने खरंच बाहेर जाऊन बादलीत हात घातला. म्हणाली, मावशी, अठरापर्यंत. बुढी दिवसभर सगळ्यांना सांगत फिरली की कॅनडात अठरा आकड्यांची थंडी पडली.

मी त्या बायकांना नावं ठेवली होती. कॅनडाची ती बर्फवाली, इंग्लंडची ती धुईवाली, कारण तिच्याकडे रोजच धुकं. न्यूझीलंडच्या बाईकडे सगळं उलटं. आपल्याकडे थंडीचे दिवस आले की तिच्याकडे टमाट्याची रोपं लावायची वेळ. तिला मी उलटीवाली म्हणायचो. बुढी चिडायची. "लेकीबाळीले असं म्हणते का कोणी?" मग समजावून सांगायची, "थंडी एकच हाये जी. या घरून त्या घरी फिरते. आता उलटीवालीच्या घरून निंगाली, बर्फवालीच्या घरी मुक्कामाले हाये. पंधरा दिवसांनं आपल्या घरी येईन." तीही उलटीवालीच म्हणायची, पण ते तिच्या लक्षात यायचं नाही.

हिवाळ्याच्या तोंडावर त्यांचं बोलणं फार वाढायचं. बर्फवाली बर्फ पडायच्या आत डेलियाचे कंद उकरून तळघरात ठेवायची. बुढीने तिला सांगितलं, अद्रक ठेवतो तसे कोरड्या रेतीत ठेवजो, अन् एकमेकाले चिकटू देऊ नोको, एक सडला का सारे सडतात. इकडे ढग आले की ही काळजी करायची, तुरीचा फुलोरा गळतो का काय. ती काळजी इंग्लंडात आणि कॅनडात वाटली जायची. मला एक दिवस राग आला. मी म्हटलं, "साऱ्यायले थंडी विचारतं. मले नाही विचारत कधी."

"तुमाले काय विचारू? तुमी शाल मागता अन् वरतून म्हणता, थंडी नाही वाजत."

यातलं एकही बोलणं खोटं नव्हतं. म्हणूनच मला पुढचं लवकर पटलं नाही.

मधली एक गोष्ट सांगायची राहिली. चार वर्षांपूर्वी ती हौदाजवळ घसरली आणि हाताचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, दीड महिना आराम. ती दुसऱ्याच दिवशी प्लास्टर घेऊन निंदायला बसली. मी परसाच्या फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. दीड महिना. ती ओसरीतल्या खाटेवर बसून फाटकाच्या फटीतून बघायची. पाणी मी घालत होतो, पण मेथी जळाली ती जळालीच. हात जुळला तेव्हा ती म्हणाली, "हात दिला डॉक्टरनं, पण माहा एक हिवाळा खाल्ला तुमी." मी हसलो. मला वाटलं, बोलते आपली.

यंदा पोळा झाल्यावर ती म्हणाली, "बर्फवालीच्या घरी कमरेइतके उंच वाफे हायेत. उभं राहून लावते सारं. मलेही एक बांधून द्या."

मी खूप हसलो. म्हटलं, "कमरेइतका उंच असते तो ओटा. वाफा जमिनीतच असते. उद्या म्हणशील, बर्फ पाडून द्या."

"पाडता येते का तुमाले? नाही ना? मंग ओटाच बांधा."

दोन दिवस चिडवून झाल्यावर मी कामाला लागलो. माप घ्यायला तिला उभी केली. सुतळीचं एक टोक तिच्या कमरेला धरलं, दुसरं जमिनीला, आणि गाठ मारली. नेहमीच्या ओट्यापेक्षा विटांचे चार थर जास्त लागले. खाली पाणी निघायला भोकं ठेवली, आतून गिलावा केला, गाळाची माती भरली. गवंड्याच्या आयुष्यातलं ते शेवटचं काम असेल, पण फार नेटकं झालं. तिने फोटो पाठवला. उलटीवालीनेसुद्धा वाहवा केली. आणि मी पारावर बसून सांगत होतो की बुढीला कॅनडाचं याड लागलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, सुनंदा आठ दिवस राहून गेली. जाताना म्हणाली, बाबा, आईच्या ग्रुपात कळवायचं राहिलं. तिला रडू फुटत होतं. मी म्हटलं, तू जा, मी सांगतो. सांगितलं नाही. फोन फळीवर होता, त्याला चार्जिंग तेवढी करत होतो. तो टुणटुण वाजायचा.

एका संध्याकाळी दिवा लावून बसलो आणि फोन हातात घेतला. ग्रुपाच्या वर बर्फवालीचं वेगळं खातं दिसलं, तिचं आणि बुढीचं, दोघींचंच. मी ते उघडलं, बोटाने मागे मागे सरकवलं आणि एक दाबलं. बुढीचा आवाज आला. तीन आठवडे झाले होते तिला जाऊन, आणि आवाज असा की जणू परसातूनच बोलते आहे.

"आज जळगावले गेली होती. बुढ्याले सांगतलं, बियाणं आणते. डॉक्टर म्हणते, छातीतली झडप खराब झाली. वाकायचं नाही म्हणते. अकोल्याले नेऊन ऑपरेशन करा म्हणते. मी म्हटलं, हिवाळा होऊ द्या, मंग पाहू."

मग बर्फवाली, घाबरलेली. "मावशी, काकांना सांगा हो आजच्या आज."

"काऊन सांगू? तो फाटकाले कुलूप लावंल. मले खाटेवर बसवंल. मले खाटेवरून नाही पाहायचा हिवाळा. तू नोको सांगू कोणाले."

पुढे अजून होतं. बर्फवालीच्या छातीत गाठ होती. नवऱ्याची नोकरी गेलेली, त्याच्या डोक्याला आणखी ताप नको म्हणून तिने त्याला सांगितलं नव्हतं. तपासणीची तारीख तिने पुढे ढकलली होती. बुढी तिला रागावली. आणि मग म्हणाली, "बरं, तू माहं झाक, मी तुहं झाकतो. हिवाळ्यात रोपावर पोतं टाकते ना, तसं."

तारखा मी बोटांवर मोजल्या. जळगावचा दवाखाना पोळ्याच्या आधीचा. ओटा नंतरचा. म्हणजे सुतळी धरून मी तिच्या पायाशी उकिडवा बसलो होतो, हसत होतो, तेव्हा तिला सगळं माहीत होतं. वरून माझ्या डोक्याकडे पाहत असेल. गाठ मारेपर्यंत तरी वेळ होता तिला सांगायला. तिने आपल्या मरणाचं माप माझ्याच हाताने घेऊ दिलं.

मला राग आला. अजून आहे. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मग कोणावर धरू? कुलूप मी लावलं असतं, हे खरं आहे. नाही कशाला म्हणू. अकोल्यालाही उचलून नेलं असतं. पण तिने माझ्या कुलपाशी भांडायचं होतं. पंचेचाळीस वर्षं मिठापासून मतापर्यंत प्रत्येक गोष्टीवर माझ्याशी भांडली. इथंच कशी गप्प बसली? सात समुद्रापलीकडच्या बाईला, जिचं तोंड कधी प्रत्यक्ष पाहिलं नाही, तिला सांगितलं. एकाच ताटात जेवणाऱ्या माणसाला नाही.

त्या बाईचाही राग आला. तिला माहीत होतं. एक फोन करायला काय झालं होतं? मी ठरवलं, यांना काही सांगायचं नाही. मला अंधारात ठेवलं, आता तुम्हीही राहा. मारा हाका, मावशी मावशी म्हणून. फोन पालथा घातला आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत वाजला. बर्फवाली बोलत होती. "मावशी, रागावलात ना माझ्यावर? इतके दिवस बोलत नाही आहात. इथे गुडघाभर बर्फ पडलाय. तुम्ही ओरडाल म्हणून सांगत नव्हते, मी तारीख परत पुढे ढकलली."

मी चूळ भरली, तोंड पुसलं आणि फोनचं चित्र दाबलं. दुसऱ्या घंटीलाच तिने उचलला.

"मावशी!" एवढ्या आनंदाने माझ्या घरात कोणी कित्येक आठवड्यांत बोललं नव्हतं.

"मावशी नाही. मावशीचा बुढा बोलतो. बुढी गेली बाई. लसूण लावला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

ती रडायला लागली. मी रडू दिलं. मग म्हटलं, "तुले माहीत होतं."

"हो काका."

"मले नव्हतं."

"त्यांनी शपथ घातली होती. मी रोज म्हणत होते, काकांना सांगा, सांगा..."

"तिले कायले म्हणत होती? ती तर मले सांगत नव्हती. मले म्हणायचं होतं."

मी विचारलं, "तिकडं आता किती वाजले?"

"संध्याकाळचे साडेसात."

"घरवाला घरी हाये तुहा?"

तिला समजलं. "आहेत वरच्या खोलीत. पण नको काका. मी सांगते ना. नोकरीचं एवढं एक होऊ दे, मग नक्की सांगते."

"तीही म्हणत होती, हिवाळा होऊ द्या."

"मावशींनी मला वचन दिलं होतं, कोणाला सांगणार नाही म्हणून."

"तिनं देलं. मी नाही देलं."

"काका, प्लीज. तुम्ही हे माझ्यासाठी..."

"तुह्यासाठी नाही करून राह्यलो बाई. त्याच्यासाठी करून राह्यलो. दे त्याले फोन. नाही देशील तर मी हा असाच धरून बसतो. मले दुसरं काम नाही आता."

मग पायऱ्यांचा आवाज आला, लाकडाच्या असाव्यात. दार वाजलं. ती काहीतरी म्हणाली, पुरुषाचा आवाज म्हणाला, अगं, रडतेस का? कोणाचा फोन? आणि मग तोच आवाज माझ्या कानाजवळ आला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

मी म्हटलं, "बाबू, पहिले खाली बस. अन् तिले जवळ बसव."