गोल टोकाचा डबा

उन्हात तापलेल्या जुन्या मखमलीला एक वास असतो. उबट, धुळकट, थोडा झोपाळू. मी राहते त्या ईडन प्रेरीपासून तासाभरावरच्या रेल्वे म्युझियममधल्या त्या डब्यात आईचा हात धरून चढले, आणि त्या वासानं आठवड्याचा सगळा शीण एकदम वर आला. दमले होते हो मी! ऑफिसनं दमले होते, ड्रायव्हिंगनं दमले होते, आणि खरं सांगायचं तर आईची समजूत घालून घालून सर्वांत जास्त दमले होते. बाबा गेल्यावर तिला नागपूरहून इथं आणलं. आता कायमची इथंच राहा, ग्रीन कार्डाचं मी करते, हा माझा हट्ट. आणि 'बघू' हे तिचं उत्तर.

डबा मात्र देखणा! गेल्या शतकाच्या मध्यावर, विमानप्रवास अजून सर्वांच्या आवाक्यात नव्हता तेव्हा, लांब पल्ल्याच्या आगगाड्यांच्या शेपटाला असा डबा जोडत. टोकाला अर्धवर्तुळाकार काचा, त्यांना लगटून गुबगुबीत खुर्च्या, हाती पेयाचा पेला, आणि नजरेसमोर मागं मागं सरत जाणारे रूळ. काय ही रसिकता! पुढं जायला निघालेल्या माणसांनी गाडीतली सर्वांत सुंदर जागा मागं पडलेलं पाहण्यासाठी राखून ठेवावी? मला तर फ्रीवेवर मागचं दिसतं ते आरशात, आणि तेही लेन बदलण्यापुरतं.

तिथल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकानं पुढची हकिगत सांगितली, ती मी आईला मराठीत सांगत गेले. गोल टोकामुळे या डब्याच्या मागं दुसरा डबा जोडायची सोय नसे. परतीच्या वेळी त्याला वळवून पुन्हा शेवटीच आणावं लागे. प्रवासी घटले, तसे हे लाड परवडेनात. मग कित्येक डब्यांची टोकं कापली, सपाट भिंत आणि दार बसवलं, आणि ते डबे गाडीत मध्ये कुठंही जोडून दिले. गैरसोय काहीच नव्हती. बसायला जागा होतीच, मागचं तेवढं दिसेनासं झालं.

आई कितीतरी वेळ काचेबाहेर बघत राहिली. बाहेर होतं तरी काय? गंजलेला रूळ आणि गुडघाभर गवत. मग माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "पोरी, तू काही कमी केलं नाहीस. पण मला घरी जायचंय. तुझ्या बाबांबरोबर राहिले, त्याच घरात मला राहायचंय."

"एकटी?"

"एकटी."

डॉक्टर, जिना, नागपूरचा उन्हाळा, सगळे घोटून ठेवलेले मुद्दे ओठांवर आले आणि तिथंच बसले. वाद घालायलाही अंगात बळ लागतं. "तिकीट काढते," मी म्हटलं.

आणि काय सांगू तुम्हाला, ती बोलू लागली! शेजारच्या काकूंना खिडक्या उघडून ठेवायला सांगायचं, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, कढीपत्ता जगला असेल की नाही कोण जाणे. परतताना गाडीतही तिची टकळी थांबेना. इथं आल्यापासून तिचा हा आवाज मी ऐकलाच नव्हता. तो जवळ राहावा म्हणूनच तर तिला आणलं होतं मी.