वायर माझ्या हातात होती

भूतबित मी मानत नाही, आधीच सांगतो. नांदेड-लातूर पट्ट्यात केबल चॅनलची कामं करतो. "मशीनला काहीतरी लागलंय" असं कुणी म्हणालं की मी आधी वायर हलवून बघतो, बहुतेक वेळा तीच लूज असते. त्यामुळे हे लिहायला लाज वाटून राहिली. पण मनात ठेववत नाही...

लातूरच्या एका लोकल चॅनलचं काम होतं. खाली कोचिंग क्लास, वर कोचिंग क्लास, मधल्या मजल्यावर यांचं ऑफिस. जाहिरातीही सगळ्या क्लासवाल्यांच्याच. भूकंपाच्या वेळच्या जुन्या कॅसेट उतरवून एका मोठ्या स्टोरेज बॉक्समध्ये भरल्या होत्या. चॅनल ज्या सॉफ्टवेअरवर चालायचं, त्याला तो बॉक्स जोडायचा — म्हणजे पेनड्राइव्ह घेऊन पळापळ नको, नाव टाकलं की क्लिप समोर. एवढंच काम.

सॉफ्टवेअरवर सुनिताताई बसायच्या. भूकंपात त्यांचं घर गेलं, आई गेली, तेव्हा अगदी लहान होत्या. औशाला मामांकडे वाढल्या. आईचा एक फोटोसुद्धा नाही. "चेहराच आठवत न्हाई हो दादा," असं चहा पिता पिता म्हणाल्या होत्या.

भर दुपारची वेळ. मी टेबलाखाली, बॉक्सची वायर हातात, अजून लावायचीच होती. वरून ताईंचा आवाज, "दादा, आली की भूकंपाची क्लिप!"

"कशी येईल ताई? जोडलंच न्हाई अजून."

"या तर वर!"

उठून बघतो तर खरंच... पत्र्याच्या शेडसमोर बसून एक बाई कुणाची तरी वेणी घालत होती. पोरगी कॅमेऱ्याच्या बाहेर. बाई म्हणाली, "सुनी, नीट बस गं. लई हलू नको." आणि हसली.

ताई हळूच म्हणाल्या, "आई..."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ते पत्र्याचे शेड भूकंपानंतर उभे राहिले. ताईंच्या आईला त्याच्या आधीच मामांनी स्वतः अग्नी दिला होता!

"दादा, हे ठेवा. कुठं जाऊ देऊ नका."

मी कॉपी दाबलं. स्क्रीनवर आलं — 'मीडिया ऑफलाइन', म्हणजे क्लिप जागेवरच नाही. संपलं.

मग वायर लावली. सगळं आलं: पुढाऱ्यांचे दौरे, धान्यवाटप, रांगा. ती बाई नाही. डिस्क धुंडाळली, रिकव्हरी चालवली, मूळ कॅसेटसुद्धा परत लावून पाहिल्या. ताई शेजारीच बसून. "अजून एकदा बघा ना दादा." आमच्या दोघांकडे मोबाईल होते हो! एक फोटो काढायचं सुचलं नाही. आग लागो त्या मोबाईलला.

ते काय होतं, कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही.

ताईंचा फोन येतो अजून. आधी क्लिप सापडली का, विचारायच्या. आता ते सोडलंय. "तिच्या हनुवटीवर गोंदण होतं ना दादा?" मी म्हणतो, हाव ताई, होतं. "हसली तवा गालाला खळी पडली ना?" हाव.

परवा म्हणाल्या, "मला पुन्हा दिसंना झालाय तिचा चेहरा. तुम्ही पाह्यलं ना, तुम्ही सांगा कशी होती."

सांगायला तोंड उघडलं... आणि मलाच काही आठवेना. गोंदण खरंच होतं का, तेही नाही.

"सांगा की दादा," ताई म्हणत होत्या.