सातवी बैठक

"तोंडात! माझ्या तोंडात घातलंस तू बोट! तोंडात!"

मॅडम बेसिनवर वाकून ओरडत होत्या. एक चूळ, एक किंकाळी. पुन्हा चूळ, पुन्हा किंकाळी. नळ पूर्ण सोडलेला. बाईंनी इतक्या चुळा भरल्या, की त्या दुपारी लखनौची गोमती नदी चार बोटं खाली गेली असणार. कुणी जाऊन बघितलं नाही, एवढंच.

मी टेबलापाशी उभी. हातात मोजे. निळे, पातळ, दवाखान्यात असतात तसले. उजव्या हाताचं पहिलं बोट अजून ओलं.

"काकू, मोजे होते हातात," मी म्हटलं.

"काकू म्हणू नकोस मला!"

काकू म्हण, असं त्यांनीच लावून धरलं होतं. दीड महिना.

आता तोंडात बोट का घातलं ते सांगते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, ही बाई दातांची डॉक्टर आहे की वेडी.

माझं काम अंगाचं. मालिश नाही. मालिश म्हटलं की मी भांडते. आपल्या स्नायूंवर, हाडांवर, अख्ख्या अंगभर एक पांढरी पातळ जाळी असते. कोंबडी साफ करताना कातडीखाली चिकट पापुद्रा हाताला लागतो ना, तीच. आमच्या स्टुडिओच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे दीदी म्हणायचे, त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या, "संतरे की फाँक पर जो जाली होती है न, बस वही." गोमतीनगरच्या बड्या वस्तीत कोंबडीचं नाव काढायचं नसतं. तासन्‌तास खुर्चीत बसून, एकाच खांद्यावर पर्स वागवून, वर्षानुवर्षं राग गिळून ही जाळी आखडते आणि सगळा माणूस वाकडा ओढते. मी ती बोटांनी, मुठीनं, कोपरानं सोडवते. हळू. मुंगीला कंटाळा येईल इतकं हळू. मग माणसाला उभं करायचं, चालायला लावायचं, बघायचं, पुन्हा झोपवायचं.

दिल्लीत दोन हिवाळे काढून शिकले. माझ्या हातांबद्दल मी काय सांगू? एका ठेकेदाराची पाठ अशी होती की तिच्यावर रोटी लाटता आली असती. ती मी दुलईसारखी केली. एका वकिलाची मान अशी सोडवली की त्याला जन्मात पहिल्यांदा स्वतःचा मागचा खिसा दिसला.

या कामात दहा बैठका असतात. पहिलीत श्वास, दुसरीत पावलं, असं चढत चढत सातवीत मान आणि डोकं. आणि जबडा बाहेरून सुटत नाही. तो आतून धरावा लागतो, गालाच्या आत बोट घालून. हे आधी सांगायचं, विचारायचं, मगच करायचं. मॅडमना मी सांगितलं होतं, विचारलंही होतं. "घाल गं घाल," त्या म्हणाल्या होत्या, "चावले तर मात्र बोलू नकोस हं!"

मॅडम म्हणजे एका मोठ्या केंद्र सरकारी अधिकाऱ्याच्या पत्नी. पुण्याच्या. नवऱ्याच्या बदलीमुळे लखनौत आलेल्या. पहिल्याच दिवशी टेबलाचा पाय माझ्या करंगळीला लागला आणि माझ्या तोंडून "आई गं" निघालं. मॅडम ताडकन उठून बसल्या. "अय्या, तू आपली? मराठी?" त्या 'आपली'त इतकं तूप होतं, की मी त्या दिवशी जेवले नसते तरी चाललं असतं.

बिल्ल्यावर माझं फक्त पहिलं नाव. हा दीदींचा नियम आणि त्याच्या आधीपासून बाबांचा. बाबा वर्ध्याकडचे, रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून लखनौला आले ते इथलेच झाले. लखनौत कुणी नाव विचारतं, आणि सांगितलं की म्हणतं, "पूरा नाम?" काय विचारतंय ते विचारणाऱ्याला कळतं, सांगणाऱ्यालाही कळतं. बाबांनी आम्हाला शिकवलं होतं, पहिलं नाव सांगायचं आणि विषय बदलायचा. मी विषय असा बदलायची की समोरचा स्वतःचंच नाव विसरावा.

मॅडमनी "कुठल्या गं तुम्ही मूळच्या?" म्हटलं की मी आजोबा काढायची. आजोबांनी पुरात रेल्वेचा पूल खांद्यावर तोलून धरला आणि वरून मेल गेली. पुढच्या आठवड्यात मेलची मालगाडी झाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात मालगाडीत सर्कशीचे हत्ती बसले. मॅडम टेबलावर पालथ्या पडून इतक्या हसायच्या की माझी मूठ पाठीवरून घसरायची. "थापाडी आहेस नुसती!" आणि आडनाव राहून जायचं.

सातवी बैठक. जबड्याची डावी बाजू झाली. मी त्यांना उठवलं, पाणी दिलं, चालायला लावलं. मग म्हटलं, तोंड उघडा. उघडलं. आरशात बघितलं. पुन्हा उघडलं. त्यांचे डोळे भरून आले. ही बाई किती वर्षं दात आवळून झोपत होती, देव जाणे.

"अगं, जबडा आहे की नाही तेच कळत नाहीये! इतकं हलकं!" त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मोज्यांसकट. "आपल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला यायचं तू. आईला घेऊन. मी आमंत्रण पाठवते. आईचं नाव काय घालू? पूर्ण सांग."

आणि मी सांगितलं.

का सांगितलं? हात धरणं हा माझा धंदा. दिवसभर मी लोकांना धरते. मला कुणी धरत नाही. त्यांनी धरले आणि मी फुगले. वाटलं, हिच्या अंगात माझ्या हाताला माहीत नसलेली जागा उरली नाही, आता आडनावानं काय होणार?

हात लगेच नाही सुटले. आधी हसू गेलं.

"म्हणजे... तुम्ही ते का?"

"आम्ही बौद्ध."

"हो, पण आधीचे?"

"महार."

मग सुटले. मग तो नळ.

आरडाओरडा ऐकून दीदी धावत आल्या. "क्या हुआ मैडम? चोट लगी?" मॅडमनी टॉवेल तोंडाला लावला आणि अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत सगळं सांगितलं. तुळशीचं पान मागितलं. स्टुडिओत तुळस नव्हती. मनी प्लांट होता. दीदी क्षणभर त्या मनी प्लांटकडे बघत राहिल्या. माझ्या गळ्याशपथ सांगते, त्यांनी विचार केला.

मग मॅडम एक वाक्य बोलल्या. ओरडून नाही. नीट समजावून सांगावं तसं बोलल्या.

"अंगाचं एक वेळ ठीक आहे. आंघोळ केली की झालं. पण तोंड?"

म्हणजे दीड महिना हे चाललंच असतं. पाठ, पोट, तळपाय. धुतलं की गेलं. मी साबणानं निघणारी होते. मला तेव्हा राग आला नाही. थंडी वाजली. मे महिन्यात, लखनौत, मला थंडी वाजली.

दीदींनी मला टॉवेल ठेवायच्या खोलीत ओढलं. दार लावलं. दीदी वाईट नव्हत्या. आवाज कधी चढवला नाही, 'आप'शिवाय कधी बोलल्या नाहीत. लखनौत माणूस तुमचा गळा कापेल, पण आधी 'ज़हमत तो होगी', तसदी होईल हं, म्हणेल.

"देखिए बेटा, मैं ये सब नहीं मानती," त्या म्हणाल्या. "लेकिन अफ़सर कॉलनी की आधी औरतें इन्हीं के कहने पर आती हैं. आप बस जाकर बोल दीजिए कि मज़ाक़ किया था."

"क्या?"

"आप तो वैसे भी गप्पें मारती हैं. हाथी, पुल, जाने क्या-क्या. एक और सही. बोल दीजिए, मैडम, मैं तो आपको छेड़ रही थी. कोई अच्छा-सा मराठी सरनेम ले लीजिए. आपके यहाँ तो इतने होते हैं."

मी हसले. खरंच हसले. इतक्या सोप्या थापेसाठी मला कुणी कधी विनवलं नव्हतं. एक आडनाव. माझ्या डोक्यात दहा तयार होती. त्यांच्यासकट गावं, गावांसकट कुलदैवतं, एका कुलदैवताला तर मी तिथल्या तिथे दोन शिखरं चढवली. घडीभराचं काम. मॅडम हसतील, 'थापाडी' म्हणतील, उजवी बाजू करून घेतील. नोकरी राहील. हळदीकुंकवाला आई जाईल. दुसऱ्याच कुणाची तरी आई होऊन जाईल.

दार उघडून बाहेर आले. मॅडम गेल्या नव्हत्या. सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. टॉवेल अजून तोंडाशी. मला बघून उठल्या आणि माझ्याआधी त्याच बोलल्या. आवाज एकदम मऊ.

"खरं सांग. थट्टा केलीस ना माझी? मला वाटलंच. इतकी स्वच्छ राहतेस तू, इतकं शुद्ध बोलतेस. थापाडी मेली. खरं आडनाव सांग बघू."

त्यांना थाप हवी होती. भुकेल्या माणसाला भाकरी हवी असते तशी. मी ती दिली असती तर त्यांचं तोंड त्याच क्षणी पवित्र झालं असतं. ना तुळस लागली असती ना गंगा. माझी एक थाप पुरली असती. तेव्हा मला दिसलं की आजवर मी गमतीसाठी थापा मारतच नव्हते. मी वाट मोकळी करून देत होते. त्यांना. हत्ती, पूल, मेल, मालगाडी, सगळं त्यांना माझ्या नावापासून लांब न्यायला. माझ्या आजोबांनी पूल धरला नव्हता. आजोबा गावची मेलेली ढोरं ओढायचे. त्यांची गोष्ट मी एकदाही कुणाला सांगितली नव्हती.

"थट्टा नाही केली," मी म्हटलं. "थापा मी पुष्कळ मारते. ही नव्हती."

"अगं, पण—"

"आडनाव तेच आहे. जातही तीच. बोटही हेच."

आणि मी मोजे काढले. हळू. त्या बघत असताना. दीदींच्या चकचकीत कचरापेटीत टाकले.

मॅडम गेल्या. डावा जबडा मोकळा, उजवा आवळलेला, अशी अर्धी सुटलेली बाई गाडीत बसली. दीदी संध्याकाळी म्हणाल्या, "आप कुछ दिन आराम कीजिए." ते 'कुछ दिन' अजून संपले नाहीत.

घरी आलमबागला बाबांना सांगितलं. ते जेवत होते. जेवतच राहिले. ताट संपवलं, हात धुतला, मग म्हणाले, "सांगायची काय गरज होती?"

"त्यांनी विचारलं."

"विचारतात. मी काय शिकवलं होतं?"

"चूक शिकवलं होतं बाबा."

असं मी त्यांना आयुष्यात बोलले नव्हते. आई ओट्याशी उभी होती, तिनं गॅस बंद केला. बाबांनी टीव्ही लावला. समजूत कुणी काढली नाही. त्या रात्री मी जेवले नाही आणि कुणी आग्रहही केला नाही.

आता आलमबागेतच एका शिवणाच्या दुकानावरची खोली घेतलीय. एक टेबल, एक आरसा, चालून बघायला भिंतीपासून भिंतीपर्यंत जागा. पाटीवर पूर्ण नाव आहे. पण पाटी कुणी वाचत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी ठरवलंय. हात लावायच्या आधी सांगायचं. तोंडानं. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. विचारलं तर जात. मग सातव्या बैठकीत काय करावं लागतं तेही. नंतर कुणाला नळ सोडावा लागू नये. ज्याला उठायचं त्यानं आधी उठावं. टेबल रिकामं राहिलं तर राहू दे. रिकामं टेबल मी पुसून ठेवीन. बिल्ल्यामागे पुन्हा लपणार नाही. आजोबांना पुन्हा पुलाखाली उभं करणार नाही.

पहिला माणूस आला तो अमीनाबादचा कापडवाला. दिवसभर ताग्यावरचे तागे ओढून उजवा खांदा कानाला टेकलेला. आल्या आल्या बूट काढले, मोजे काढले, टेबलावर बसला. भला माणूस. पाणी मागितलं, प्यायला, खोली छान आहे म्हणाला.

मी नाव सांगितलं. पूर्ण.

"ये कौन लोग होते हैं?" त्यानं विचारलं.

सांगितलं.

त्यानं मोजे पुन्हा पायात चढवले. मग टेबलावरून उतरला. खांदा तसाच कानाशी. खोलीत इकडेतिकडे बघितलं.

"हमने जूते कहाँ उतारे थे?"

"दरवाज़े पर," मी म्हटलं.