बोर्डावरचे दोन बिल्ले

आता मी बहारीनला, माहूजमध्ये मुलगी-जावयाकडे राहतो. पण सुरुवात रेंजपासून करायला हवी.

तोफखान्यातला नाईक असताना माझी पोस्टिंग समुद्रकाठच्या रॉकेट रेंजवर झाली. महायुद्धानंतर बड्या देशांनी रॉकेटं उडवली होती. आपल्याकडे नुकतीच सुरुवात होती. आमची रॉकेटं छोटी, वरच्या हवेची मापं घेणारी. इंधन आणि ते जाळणारं ॲसिड भरायला हवालदार शंकर सावंत आणि मी.

रॉकेट सोडायच्या पॅडवर जाताना आपला पितळी बिल्ला बोर्डावर अडकवायचा, परतताना काढायचा. बोर्ड रिकामा म्हणजे पॅड रिकामं. मग बंकरमधून टाकीत दाब चढवत. नियम चोख होता, शहाणे आम्हीच. बोर्ड आडबाजूला, म्हणून जो आधी निघेल तो दोघांचे बिल्ले काढी. दोस्तीच तशी होती.

त्या सकाळी १०४० ला सावंत म्हणाला, "तू हो पुढे. पाना घेऊन आलोच."

मी दोन्ही बिल्ले खिशात टाकून चहाला निघालो. वायरलेस सेटवर बंकरचा सवाल आणि बोर्ड तपासणाऱ्याचं उत्तर ऐकू आलं.

"पॅड क्लिअर?"

"क्लिअर. बोर्ड रिकामा. ओव्हर."

मागे वळून पाहिलं. सावंत आला नव्हता. मी ओरडत पळत सुटलो. १०४६ ला दाबाने ॲसिडची नळी सावंतच्या अंगावर फुटली.

तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याआधी मला म्हणाला, "माझी पायपीट वाचवायलाच काढलास ना? मग रडतोस कशाला?"

चौकशीत मी काही लपवलं नाही. मिळालेली शिक्षा मला कमीच वाटली. अजून वाटते.

गेल्या आठवड्यात जावई इकबाल रिफायनरीतल्या शिफ्टवरून आला आणि त्याने खिसे टेबलावर रिकामे केले. टाकीत उतरताना बोर्डावर लावायचे दोन सेफ्टी टॅग निघाले.

"दुसरा कुणाचा?"

"थॉमसचा. तो टाकीतून निघतच होता, मी काढून आणला. आम्ही रोज असंच करतो, अब्बा."

"निघाला का?"

"निघाला असेल, इंशाल्ला."

"असेल नको. टाकीत पुढे काय सोडणार?"

"नायट्रोजन. पाच वाजता."

नायट्रोजन भरला की आत श्वासाला हवा उरत नाही. घड्याळात १६५२ झाले होते. मी फोन त्याच्या हातात दिला. "कंट्रोल रूमला लाव. थॉमसला नाही, कंट्रोल रूमला. आत्ता!"

इकबाल फोनवर ओरडला, "टँक फोर होल्ड करो! आदमी अंदर है!" मग फोन कानाला लावून उत्तराची वाट पाहत राहिला. मुलगी नसरीन चहाचा ट्रे धरून तशीच उभी होती.

"आतच होता," इकबाल खाली बसत म्हणाला. "एक बोल्ट अडकला होता. आला बाहेर." मग त्याने विचारलं, "अब्बा, तुम्हाला कसं कळलं?"

मी थॉमसचा टॅग त्याच्या हातात दिला. परत नेऊन द्यायला सांगितलं. मग म्हणालो, "हवालदार शंकर सावंत. हे नाव थॉमसलाही सांग."