अनुदानाच्या मुलाखतीत वसंतकाका

मंडळींनो, आज आपल्या मराठी मंडळाची अनुदानासाठी मुलाखत होती. वॉर्ड ऑफिसचा कारभार कसा चालतो, तिथे माहिती कशी मागायची, हे वस्त्यांत जाऊन लोकांना सांगायचं, असा आपला प्रस्ताव. अध्यक्ष वसंतकाका आणि मी गेलो होतो.

काका छान बोलले. कारभार उघडा हवा, निर्णय लोकांना विचारून व्हायला हवेत, वगैरे. अनुदान समितीतल्या बाई मान डोलवत ऐकत होत्या. मग त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या मंडळात अध्यक्ष कसे निवडतात?"

काका अभिमानानं म्हणाले, "निवडणूक नक्कोच म्हटलं आम्ही. उगाच भांडणं होतात. नारायणगुड्याला माझ्या घरी चार माणसं बसतो, चहा होतो, सगळं एकमतानं ठरतं."

"आणि बाकीच्या सभासदांना कसं कळतं?"

"गणपतीत सांगतो की."

बाई हसल्या नाहीत. मी खाली बघितलं, कारण त्या चार माणसांतला एक मीच आहे.

परतताना कोठीच्या बाजारात चहाला थांबलो. कप रिकामा झाल्यावर काका म्हणाले, "रविवारी सगळ्यांची सभा बोलव. माझ्या घरी नको. शाळेचा हॉल मिळतो का बघ."

तर अनुदानाचं जे व्हायचं ते होईल, रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा आहे आणि अध्यक्षाची निवडणूकही. कोण कोण उभं राहणार? मला फोन करून सांगू नका. सभेत सांगा.