शैलजा मॅडमच्या हॉलमधली बाळंतपणं

किस्से काही कोणी मुद्दाम गोळा करत नाही. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवावी, गॅस बारीक करावा, ते आपोआप आत येतात! आमच्या मंगळवार पेठेतल्या बोळात माझ्या खिडकीसमोरच शैलजा मॅडमचा खालचा हॉल आहे. मॅडम नर्सिंगच्या शिक्षिका होत्या, आता रिटायर. पण गप्प बसतील तर शपथ! खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांतल्या नर्सना बोलावून बाळंतपण कसं करायचं, बाळंतिणीशी कसं वागायचं, याचं ट्रेनिंग देतात. बोळातले लोक म्हणतात, सुमनकाकू भोचक आहे. मी म्हणते, खिडकी माझी, कान माझे. आवाज त्यांचा येतो, त्याला मी काय करू?

*

ट्रेनिंगसाठी मॅडमकडे कापडी बाळं आहेत. खऱ्या बाळाएवढी, वजनाला तशीच, मानही तशीच लुळी. एकदा त्यातलं एक उसवलं म्हणून मॅडम ते शिंप्याकडे घेऊन निघाल्या. स्कूटरच्या हुकाला पिशवी, पिशवीत बाळ उलटं, आणि वर दोन पाय!

कोपऱ्यावरची भाजीवाली किंचाळली, "अवं मॅडम! पोरगं उलटं हाय!"

मॅडम घाईत. हेल्मेटमधूनच म्हणाल्या, "असू दे गं, घरात अजून तीन आहेत!"

भाजीवालीनं त्या दिवशी मला कोथिंबीर म्हणून मेथी दिली.

*

एका दुपारी हॉलमधून आरोळी आली, "मेले गं आई ऽऽ!" माझ्या गॅसवर पाणी तापतच होतं. पातेलं पदरात धरलं आणि तशीच पळाले. आत बघते तर रेखा. मुरगूडकडच्या एका गावातली नर्स, अंगानं थोराड, आवाजानं त्याहून थोराड. पोटावर उशी बांधून उकिडवी बसलेली, कळा देतेय, आणि बाकीच्या तिची कंबर चोळतायत!

"वहिनी, पाणी कशाला आणलंत?" मॅडमनी विचारलं.

"कशाला म्हणजे? बाळंतपणाला लागतंच की!"

"बरं झालं. चहा टाका त्याचा."

तेव्हापासून मला तिथं नोकरीच लागली म्हणा ना. कधी सासू, कधी आई, कधी बाळंतीण. सासूचं काम दिलं तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, मला अभिनय येत नाही हो."

"करायचाच नाहीये," मॅडम म्हणाल्या. "नेहमीसारखं मध्ये मध्ये बोला, बास!"

*

मॅडमचा पहिला धडा म्हणजे बाईच्या अंगाला हात लावायच्या आधी तिला विचारायचं, आणि हळू आवाजात विचारायचं. आता रेखाचा हळू आवाज म्हणजे गल्लीच्या टोकाला हाक मारल्यासारखा!

त्या दिवशी आमच्या घराला बाहेरून रंग चालू होता. पेंटर शिडीवर. रेखानं सगळा जीव गोळा करून, जमेल तेवढ्या हळू विचारलं, "ताई, हात लावू का?"

शिडीवरून पेंटर ओरडला, "नको नको! रंग वला हाय!"

*

मॅडमकडे एक जाकीट आहे, पुढं वाळूची पोटली शिवलेलं. घातलं की नववा महिना! नवरेमंडळींना समजावं म्हणून ते. आमच्या ह्यांनी हौसेनं घातलं, आरशात बघितलं, मिशीला पीळ दिला. चहा आला तर सोफ्यातून उठता येईना.

"मॅडम, जरा हात द्या की!"

"देते. पण तेवढी कपबशी विसळून ठेवा," मॅडम म्हणाल्या. "उकिडवं बसून."

आता जेवल्यावर हे आपलं ताट आपण उचलतात. मी कारण विचारलेलं नाही. ज्या गोष्टीचं कारण मी विचारत नाही, अशी ही एकच!

*

सगळेच दिवस हसण्याचे नसायचे. एका सकाळी मला खाटेवर बसवून मॅडम नर्सना म्हणाल्या, "हिचं बाळ पोटातच गेलंय. आत्ता झालं. काय बोलाल हिच्याशी?"

एकेक जण पुढं आली.

"रडू नगोस."

"देवाची मर्जी, बाई."

"तरणी हाईस अजून, हुईल की दुसरं!"

मॅडम प्रत्येकीला फक्त "पुढची" म्हणत होत्या. कोणी उरलं नाही तेव्हा स्वतः माझ्याशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या बाळाला बघायचंय तुम्हाला? मी आणते. घाई नाही."

आणि कापडी बाळ दुपट्यात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलं. त्याची शिवण कुठं उसवली होती ते मला माहीत, शिंपीही माहीत. तरी मी त्याचं टोपरं सरळ केलं.

तेवढ्यात रेखा उठून बाहेर गेली.

*

गेली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात. मी मागोमाग पोचले तर ओट्याला टेकून उभी.

"काकू, मी न्हेलं वो."

"काय नेलंस?"

तिची धाकटी जाऊ सुशीला. मागच्या खेपेला रेखाच्याच दवाखान्यात बाळंत झाली, आणि बाळ मेलेलं जन्माला आलं. रेखानं ते झटकन गुंडाळलं आणि मागच्या दारानं नेलं. आईनं बघायला नको, बघितलं तर आयुष्यभर डोळ्यांपुढनं हलणार नाही, असं तिला वाटलं. तेव्हापासून सुशीला तिच्याशी बोलत नाही. एकाच चुलीवर स्वयंपाक, पण मीठ पाहिजे असलं तरी सासूला मध्ये घालून मागते!

"आता परत दिवस भरत आल्यात तिचं," रेखा म्हणाली. "म्हणती, मरीन पण त्या दवाखान्याची पायरी चढणार न्हाय. घरातच हुईन बाळंत. काकू, मागच्या खेपंला आसं झाल्यालं, आन् घरात! मला झोप लागंना."

मी भोचक ती भोचकच. विचारलं, "मग ते बाळ बघितलं कोणी?"

"मीच. दुसऱ्या कुणीच न्हाय."

"मग तिला सांगितलंस का, कसं होतं ते?"

"तिनं इचारलंच न्हाय."

"बोलतच नाही ती, तर विचारेल कशी? तू आपणहून सांग की!"

संध्याकाळी मॅडमना मी हे अभिमानानं सांगितलं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "वहिनी, हे मी पुढच्या आठवड्यात शिकवणार होते!"

*

सुट्टीला घरी जाऊन रेखा परत आली. मी खिडकीतच होते. "सांगितलंस?"

"सांगितलं. ती भाकरी थापत हुती. तोंड वर केलंच न्हाय."

"काहीच बोलली नाही?"

"सगळं ऐकून घेटलं, आन् म्हणाली, 'परत सांग.'"

"मग?"

"मग काय! भाकरी करपली, सासूबाई वरडल्या, तरी आपली 'परत सांग'!"

*

ट्रेनिंग संपून रेखा गावी गेली, हॉलमध्ये दुसऱ्या बायका आल्या. एक दिवस बोळात ओळखीचा आवाज दणाणला, "मॅडम, हाईसा का घरात?"

रेखा! हातात जिलेबीचा पुडा, आणि मागं एक बारीकशी बाई, तिच्या शालीत गुलाबी टोपरं. मी गॅस तसाच ठेवून हॉलमध्ये.

सुशीला बाळंत झाली होती, रेखाच्याच दवाखान्यात, रेखाच्याच हातानं. रेखा सगळ्यांना डोकं वाकवून दाखवत होती. "कळा आल्याबरोबर हिनं माझा अंबाडा धरला, ते पोरगी भाईर पडल्यावरच सोडला! टक्कल पडायचं राह्यलं बगा!"

"न्हाय सोडला!" सुशीला म्हणाली. "पळून गेली आसती तर?"

सगळ्या हसल्या. मॅडमनी बाळ घेतलं. जिलेबीच्या नादात भान विसरून मी विचारून बसले, "पहिलीच ना गं ही?"

"न्हाय," सुशीला म्हणाली. "दुसरी."

माझ्या हातातली जिलेबी तशीच राहिली.

"थोरलीला मी न्हाय बघितलं. हिनं बघितलंया. हिला इचारा."

सगळ्यांनी रेखाकडं बघितलं. रेखानं पदरानं तोंड पुसलं.

"गोरीपान हुती," ती म्हणाली. "कपाळ मोठं. आन् क्यास लई, दाट..."

"दाट न्हवं, कुरळं!" सुशीला म्हणाली. "नीट सांग की!"