सोल्युशन न लावलेली कॅप

पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा तो नाकात झोंबणारा वास कुठेही आला की मला नरपडच्या घराचं काम काढलं होतं ते दिवस आठवतात. आमच्या विहिरीचं पाणी खारं होऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. चहातलं दूध फाटायचं, वाडीतल्या चिकूची पानं कडेने करपायची, म्हणून शेवटी आम्ही नळयोजनेचं पाणी घेतलं. नव्या ओट्याखाली विहिरीच्या जुन्या लाइनचं तोंड तेवढं उघडं राहिलं होतं. प्लंबरने ते बंद करायला पिशवीतून कॅप काढली, सोल्युशनचा डबा उघडला, तोच बाबा म्हणाले, "चिकटवू नकोस रे, नुसती बसव." "काका, मोटर चालू केलीत की उडेल ती." "उडू दे. पाणी गोड झाल्याशिवाय मी कशाला मोटर लावतोय?" प्लंबर हसला, मला काही हसू आलं नाही. पुढे दर पावसाळा सरला की बाबा विहिरीतून बादली काढायचे, पाणी जिभेवर धरायचे, थुंकायचे आणि बादली पालथी करून घरात यायचे. आता ते नाहीत. ओट्याखालची कॅप मात्र तशीच आहे, न चिकटवलेली, आणि आजवर तिच्यातून एक थेंबही गळलेला नाही.